सांगली-मिरजेतली रीफ टाकी देखभाल सेवा: पंधरवडी भेटीचा रिव्ह्यू

रीफ टाकी म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे असलेली खाऱ्या पाण्याची टाकी. ती सांभाळून देणाऱ्याचं काम काचेवरून जोखू नका. काच लखलखीत करायला दहा मिनिटं आणि एक मॅग्नेट पुरतो. खरं काम दोन ठिकाणी दिसतं: तो कॅनमधून आणतो त्या पाण्यात, आणि टाकीखालच्या कपाटात ठेवलेल्या वहीत. विश्रामबागहून निघून सांगली, मिरज, कुपवाड असा फेरा मारणारी दोन माणसांची ही सेवा या दोन्ही कसोट्यांना उतरते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं. उणिवा आहेत, त्याही पुढे येतील.

हिशेबासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकी आणि खाली संप (फिल्टरची जोडटाकी) धरू. दगड-वाळू वजा जाता एकूण ३०० लिटर पाणी. क्लाउनफिशची जोडी, दोन-तीन छोटे मासे, झोआंथिड, मश्रूम, लेदर कोरल, झेनिया असे सॉफ्ट (मऊ) कोरल. दवाखान्यात, शोरूममध्ये किंवा घरच्या हॉलमध्ये असते तशी टाकी. पंधरा दिवसांनी एक भेट, साधारण दीड तास.

आता पाणी. सांगलीला नळाला येतं ते कृष्णेचं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरिनचं प्रमाण वाढवतात, आणि शुद्धीकरण होऊन आलेल्या पाण्यातही बारीक गाळ राहतो. कुपवाड, विश्रामबाग भागात बऱ्याच सोसायट्या बोअरच्या पाण्यावर चालतात, ते जड. यातलं कुठलंच पाणी थेट टाकीत चालत नाही. घरातल्या प्यायच्या आरओचंही नाही, कारण त्यात बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. चवीसाठी ते थोडं मूळ पाणी आणि क्षार परत मिसळतं, आणि मीटर ५०-८० दाखवतो. पिण्याला ते उत्तम, पण रीफला आपणच नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट घातल्यासारखं होतं.

या सेवेकडे स्वतःचं आरओ-डीआय युनिट (आरओतून उरलेले क्षारही काढणारं) आहे: ५ मायक्रॉनचं सेडिमेंट, कार्बन ब्लॉक, दिवसाला ७५ गॅलनची मेम्ब्रेन, बूस्टर पंप आणि शेवटी रंग बदलणारं डीआय रेझिन. क्रम महत्त्वाचा. कार्बन मेम्ब्रेनच्या आधीच हवा, कारण क्लोरिन मेम्ब्रेनचा पापुद्रा खातं. पावसाळ्यात सेडिमेंट कार्ट्रिज लवकर तुंबतं, दाब पडतो आणि मेम्ब्रेन नीट काम करत नाही. वेळापत्रक बघत न बसता प्रेशर गेज बघून कार्ट्रिज बदलायचं, हे इथे पाळलं जातं.

त्यांची एक सवय घरी आरओ-डीआय असणाऱ्या प्रत्येकाने उचलावी. युनिट सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं मेम्ब्रेनमधून जास्त टीडीएसचं पाणी येतं. ते डीआयमध्ये न सोडता बायपास व्हॉल्व्हने बाहेर काढायचं. रोज थोडं-थोडं पाणी काढणाऱ्यांचं रेझिन महिनाभरात संपतं, त्याचं कारण हेच. दुसरं कारण मूळ पाणी. मेम्ब्रेन ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते. नळाचा टीडीएस २५० असेल तर रेझिनपर्यंत ५ ते १२ पोचतात. बोअरचा १००० असेल तर २० ते ५०. म्हणजे तेच रेझिन चौपट लवकर संपलं. सोसायटीत दोन्ही पाणी येत असेल तर नळाला पाणी येतं त्या वेळीच युनिट चालवा.

मीटरवर शून्य दिसतंय म्हणून रेझिन ठीक, असंही समजू नये. रेझिन संपत आलं की सर्वात आधी सिलिकेट निसटतं, आणि ते टीडीएस मीटरला जवळजवळ दिसत नाही. टाकीत वाळूवर पिठासारखा तपकिरी थर येतो, पुसला की जातो, दोन दिवसांत परत येतो. नव्या टाकीत हे चालायचंच. वर्षभर जुन्या टाकीत आलं तर आधी डीआयकडे बघायचं. रेझिनचा दोन-तृतीयांश रंग बदलला की ही सेवा ते बदलते, मीटर १ दाखवेपर्यंत थांबत नाही.

खारं पाणी भेटीच्या आदल्या दिवशी बनवलं जातं. ४० लिटरला साधारण दीड किलो सॉल्ट (रीफ टाकीसाठीचं मीठ), पण वजनावर भिस्त नाही. जून ते सप्टेंबर उघडी पिशवी हवेतलं पाणी ओढते, मग त्याच दीड किलोत मीठ कमी भरतं. म्हणून शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा (खारटपणा मोजायचं साधन): ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार. तो रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही. बाजारात मिळणारे बरेचसे साध्या मिठाच्या द्रावणावर आखलेले असतात, आणि ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी त्यांना साडेछत्तीस दिसतं. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण किटमध्ये आहे का, हे कुठलीही सेवा ठरवताना विचारण्यासारखं आहे. इथे आहे, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख घातलेली आहे.

मिसळताना आधी पाणी, पंप चालू, मग हळूहळू मीठ. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, की कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन तळाला बसतं आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) तिथेच घटते. एप्रिलमध्ये गाडीत तापलेला कॅन ३६-३८ अंशांवर गेलेला असतो. तो टाकीशेजारी ठेवून थर्मामीटर लावतात, फरक एका अंशावर आला की मगच ओततात. तोवर बाकीची कामं उरकतात, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

कोकण जवळ आहे, तर रत्नागिरीहून समुद्राचं पाणीच का आणू नये, असं सांगलीत बरेच जण विचारतात. या सेवेचं उत्तर नकार आहे, आणि ते बरोबर आहे. किनाऱ्याजवळच्या पाण्यात पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, घसरते, बंदराजवळ तेल असतं, आणि ड्रममध्ये घाट चढून येईपर्यंत त्यातले सूक्ष्म जीव मरून अमोनिया वाढायला लागतो.

आता मोजमाप. प्रत्येक भेटीत पाणी बदलण्यापूर्वी तापमान, सॅलिनिटी, अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट. महिन्यातून एकदा कॅल्शियम, मॅग्नेशियम. ‘बदलण्यापूर्वी’ हा शब्द महत्त्वाचा. नंतर मोजलं तर रीडिंग छान येतं आणि काहीच कळत नाही. वहीतली एक ओळ अशी असते: तापमान २७.१, सॅलिनिटी ३५.५, अल्क ७.९, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, डीआय टीडीएस ०, पाणी ४० लिटर, कार्बन बदलला, डावा वेव्हमेकर (टाकीत प्रवाह फिरवणारा पंप) धुतला, लेदर आखडलेलं आहे. शेवटचे तीन शब्द आकड्यांइतकेच कामाचे. लेदर कोरल कात टाकताना चार-सहा दिवस मेणचट होऊन मिटून बसतं, ते साहजिक असतं. पुढच्या भेटीतही तसंच दिसलं तर प्रवाह कमी पडतोय, किंवा शेजारच्या कोरलशी भांडण चाललंय.

अल्कलिनिटीसाठी हॅनाचा डिजिटल चेकर वापरतात: १० मिली पाणी, शून्य, मग १ मिली रिएजंट, उलटसुलट करून रीडिंग. बाटलीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर आकडा फसवतो, म्हणून मायक्रोफायबरचं फडकं डब्यातच असतं. या यंत्राची ठरलेली अचूकता ०.३ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) आणि त्यावर रीडिंगच्या ५ टक्के इतकी आहे. म्हणजे गेल्या वेळी ८.२ आणि आज ७.९, यात घट झाली असं म्हणता येत नाही. पोरं तसं म्हणतही नाहीत, आणि इथेच त्यांचं कौतुक वाटतं. दोन दशांश उतरले की बाटली उघडून काहीतरी ओतायचं, या सवयीने जितक्या टाक्या बिघडतात तितक्या दुर्लक्षानेही बिघडत नाहीत.

सॉफ्ट कोरलच्या टाकीत अल्कलिनिटी फारशी खर्च होतच नाही. जी होते ती पाणी बदलताना भरून निघते: नवं पाणी ११ डीकेएचचं आणि टाकी ८ वर असेल, तर ३०० लिटरमध्ये ४० लिटर बदलल्यावर टाकी ८.४ वर येते. पंधरा दिवसांत एकाहून जास्त डीकेएच उतरत असेल तरच डोसिंगचा विचार. तेव्हाही महागड्या बाटलीची गरज नाही. १०० लिटरला १ डीकेएच चढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो, ३०० लिटरला ९ ग्रॅम. अर्धा लिटर आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून, वेव्हमेकरच्या तोंडाशी हळूहळू, आणि दिवसाला एकाहून जास्त डीकेएच नाही. बेकिंग पावडर चालत नाही, त्यात इतर पदार्थ असतात. धुण्याचा सोडा पीएच झटक्यात वर नेतो.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आले की ग्राहक खूश होतात. ही सेवा त्या दिवशी काळजीत पडते, आणि पडायलाच हवं. पोषण संपलं की डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशीय जीव) माजतात: तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले, रात्री कमी, दुपारपर्यंत परत. वरचा सिलिकेटचा थर धुळीसारखा असतो, सायनोबॅक्टेरियाचा लालसर पापुद्रा सोलून निघतो, डायनो लोंबतात. तिन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी ओळख पक्की हवी. डायनो असतील तर फॉस्फेट शोषणारं जीएफओ ताबडतोब काढायचं, खाणं थोडं वाढवायचं आणि पाणी बदलणं काही दिवस थांबवायचं. ठरलेली भेट आहे म्हणून ४० लिटर बदलायचेच, असा हट्ट ही सेवा धरत नाही.

स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), पंप वगैरेची धुलाई व्यवस्थित आहे. स्किमरच्या हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साठतं आणि फेस कमी होतो, ते कोमट पाण्याने साफ. वेव्हमेकरचा इम्पेलर दर तीन महिन्यांनी सायट्रिक ॲसिडमध्ये, किराणा दुकानात मिळतं तेच, एका लिटरला दोन मोठे चमचे, अर्धा तास. काच घासताना मॅग्नेट वाळूच्या वर दोन-तीन सेंटिमीटर थांबवतात. वाळूचा एक कण मध्ये आला की काचेवर ओरखडा कायमचा.

पण मेंटेनन्समध्ये सहसा राहून जाणारं एक काम ही मंडळी दर भेटीत करतात, त्याबद्दल जरा जास्त लिहायला हवं. निघण्यापूर्वी रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत चढवणारा) बंद करून संपची पातळी कुठे थांबते ते बघतात. आपल्याकडे लाईट जाते. पंप थांबला की वरच्या टाकीतलं पाणी रिटर्नच्या नळीतून उलटं खाली येतं, नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत. १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर खाली. नळीचं तोंड चार सेंटिमीटर खोल असेल तर जवळजवळ २२ लिटर. ७५ बाय ३८ चा संप असेल तर त्यात पाणी साडेसात सेंटिमीटर वर चढतं, आणि तेवढी जागा रिकामी नसेल तर ते फरशीवर. हे टाळायला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली नळीला तीन मिलिमीटरचं भोक पाडतात, तिथून हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. ते भोक शेवाळाने, कोरलाइनने किंवा गोगलगायीने बुजतं, आणि बुजलंय हे लाईट गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून पंप बंद करून बघायचं, भोक पाईपक्लीनरने साफ करायचं, आणि संपवर मार्करने ‘पंप बंद’ अशी रेघ मारून ठेवायची. या सेवेच्या प्रत्येक टाकीवर ती रेघ आहे.

उन्हाळ्याचा हिशेबही त्यांना नीट येतो. सांगलीचा एप्रिल कोरडा, त्यामुळे पाण्यावर वारा मारणारे छोटे पंखे इथे चांगले चालतात, पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत याच पंख्यांना एवढा गुण येत नाही. मोबदल्यात दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही. तीन दिवस टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) राहिलं आणि १५ लिटर कमी झालं, तर ३५ ची सॅलिनिटी ३६.८ होते. उलट, ऑटो टॉप-अपचा फ्लोट अडकून २० लिटरचा आख्खा डबा आत गेला तर ३२.८. म्हणून डबा २० लिटरहून मोठा ठेवू नका हा त्यांचा सल्ला योग्य. डब्यात फक्त आरओ-डीआय पाणी, खारं नाही, चुन्याचं पाणी तर नाहीच. चिलर असेल तर तो बंद कपाटात ठेवू देत नाहीत, गरम हवा आतच कोंडली की तो स्वतःशीच झगडत बसतो.

स्वच्छतेत एक गोष्ट तपासून घ्या. एका घरची जाळी दुसऱ्या घरात गेली की मरीन इच आणि व्हेल्वेट हे माशांचे परजीवी रोग बरोबर जातात. इथे प्रत्येक ग्राहकाची जाळी आणि पाईप त्याच्याच कपाटात राहतो, जे सामायिक आहे ते ब्लीचच्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवतात. इच झालाच तर मुख्य टाकीत तांब्याचं औषध घालायला ते साफ नकार देतात. तांब्याने कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळं मरतं. मासे वेगळ्या टाकीत काढून उपचार, आणि मुख्य टाकी जवळजवळ अडीच महिने माशांविना ठेवायची. ग्राहकाला हे ऐकायला जड जातं, पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

झोआंथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालतात, त्याला दिखावा समजू नका. पॅलिथोआ आणि काही झोआंथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. जखमेतून, डोळ्यांतून आणि वाफेतूनही ते बाधतं. असे दगड गरम पाण्याने धुणं किंवा उकळणं कधीही नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

कोरल विक्रीबाबत सेवा सावध आहे, आणि ही तिची मोठी जमेची बाजू. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण कोरल, काळे कोरल, फायर कोरल, ऑर्गन-पाईप कोरल आणि समुद्रपंखे येतात. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही. मालवण-रत्नागिरीहून ‘लाइव्ह रॉक’ आणून देतो म्हणणारा तुम्हाला त्याच कायद्यात अडकवतोय, कारण तो दगड म्हणजे बहुधा मेलेलं कोरलच. ही सेवा सिरॅमिकचे दगड आणि ग्राहकांच्या टाक्यांतच वाढलेल्या सॉफ्ट कोरलच्या काड्या वापरते.

आता उणिवा. नवे मासे दोनच आठवडे क्वारंटाइनमध्ये ठेवून दिले जातात. हे कमी आहे, चार आठवडे मागून घ्या. फॉस्फेट अजून रंगाच्या कार्डावर मोजतात, आणि ०.०३ की ०.१ हे ट्यूबलाइटखाली डोळ्यांनी ठरवणं कठीण. अल्कलिनिटीला डिजिटल चेकर घेतलाय तसा याला घ्यायला हवा. कपाटातल्या वायरिंगकडे लक्ष कमी: वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर आणलेली नव्हती, त्यामुळे गळणारं पाणी सरळ बोर्डात उतरेल. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का हे ते विचारत नाहीत. विचारायला हवं, खाऱ्या पाण्यात हात घालणारे तेच आहेत.

फिल्टर सॉकचं (पाणी गाळणाऱ्या कापडी पिशवीचं) काम मालकावर टाकतात, ते मात्र रास्त आहे. २०० मायक्रॉनचा सॉक तीन-चार दिवसांत भरतो, पंधरवडी भेटीने ते होणार नाही. पहिल्याच भेटीत घरातल्या माणसाला समोर उभं करून शिकवतात: ‘वहिनी, हा बुधवारी आणि रविवारी बदलायचा, साबण-पावडर लावायची नाही, नुसत्या नळाखाली उलटा करून धुवायचा आणि उन्हात वाळवायचा.’ सहा सॉक एकदम देऊन ठेवतात.

बिल दोन भागांत येतं. मजुरी ठरलेली, सॉल्ट-कार्बन-रेझिन जेवढं लागलं तेवढं वेगळं. सगळं मिळून एकच ठोक रक्कम सांगणाऱ्या एएमसीपेक्षा (वार्षिक देखभाल करारापेक्षा) हे चांगलं. ठोक रकमेत मीठ वाचवलं की नफा वाढतो, आणि मग ४० लिटरचे २० कधी झाले ते कळत नाही. मजुरी टाकीचा आकार, मजला आणि अंतर बघून ठरते. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर २० लिटरचे दोन कॅन चढवायचे तर जास्त घेणारच.

पावसाळ्यासाठी करारात एक कलम आहे, ते वाचून सही करा. २०१९ आणि २०२१ च्या पुराने सांगलीकरांना माहीत झालंय की आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की रस्ते, नळ आणि वीज तिन्ही एकदम जाऊ शकतात. अशा वेळी भेट रद्द होते, पैसे पुढे वळते होतात, आणि जुलैच्या सुरुवातीलाच ४० लिटर आरओ-डीआय पाणी, १० लिटर खारं पाणी आणि बॅटरीवरचा एअर पंप ग्राहकाकडे ठेवला जातो. वीज गेल्यावर पहिली अडचण ऑक्सिजनची, म्हणून एअर पंप आधी लावायचा, दिवे बंदच ठेवायचे, खाणं एकदम बंद. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एक वेव्हमेकर जोडा, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवून. गावभाग किंवा नदीकाठच्या पेठांत तळमजल्यावर टाकी असेल, तर मासे उचलून हलवायची सोय करारात नाही. ती वेगळी बोलून, लेखी घ्यावी लागते.